साठवलेल्या विजेला उद्याचे मोल लावा

प्रति,
भार प्रेषण केंद्रांत (कोणी कधी किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या नियंत्रण कक्षांत) उद्याचे वेळापत्रक आखणारे अभियंते
आणि त्या वेळापत्रकाचे नियम ठरवणारे वीज नियामक

सप्रेम नमस्कार.

नियंत्रण कक्षात मी बरीच वर्षे पाळ्या केल्या. आधी दुसऱ्यांनी आखलेले वेळापत्रक चालवले, नंतर स्वतः आखले. त्या काळात साठवण म्हणजे उदंचन जलविद्युत, एवढेच होते. रात्री खालच्या तलावातले पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी टर्बाइनमधून खाली सोडायचे. नंतर बॅटऱ्या आल्या, ग्रीडमध्ये सूर्याचा आणि वाऱ्याचा वाटा वाढत गेला. जे काम दोन ओळींत लिहून संपत असे, त्याला दर पाच मिनिटांनी नवा निर्णय लागू लागला. तरीही आजची पुष्कळ वेळापत्रके पाहताना मला त्यांत जुनीच सवय दिसते. चार्जिंगचे तास ठरलेले, डिस्चार्जचे तास ठरलेले, आणि मधल्या सगळ्या अनिश्चिततेसाठी अंदाजाचा एकच आकडा.

माझी मागणी एकच आहे. साठवणीत उरलेल्या प्रत्येक युनिटाला पुढच्या तासांतल्या उपयोगाचे मोल लावा. ते मोल एका अंदाजावरून न काढता अनेक शक्यतांवरून काढा, आणि पाळीवरच्या माणसाला ते समोरच्या पडद्यावर दिसू द्या.

एक संध्याकाळ सांगतो. आमच्याकडे चार तास पुरणारी बॅटरी होती आणि वेळापत्रकात तिच्यासाठी संध्याकाळी ६ ते १० पूर्ण क्षमतेने डिस्चार्ज लिहिलेला होता. तो कागद आदल्या दिवशी तयार झाला होता, बॅटरी दुपारी पूर्ण भरेल असे धरून. प्रत्यक्षात दुपारपासून आकाशात उंचावर पातळ ढग राहिले आणि बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपास भरली. सहा वाजले, कागदाप्रमाणे पूर्ण क्षमतेने डिस्चार्ज सुरू झाला. कोणीही चुकीचे वागले नाही, प्रत्येकाने आदेश पाळला. साडेआठच्या आत बॅटरी रिकामी झाली. सातला येईल म्हटलेला वारा अकरानंतर आला. मधल्या वेळात आम्हाला फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज पोचवणाऱ्या वाहिन्या, बंद करावे लागले. ज्या फीडरवर अंधार पाठवला त्यांची नावे अजून माझ्या लक्षात आहेत.

अहवालात लिहिले गेले की साठवण अपुरी पडली. मला ते तेव्हाही पटले नाही. सहा ते आठ या वेळात गॅसवरचे संच आणखी ओढता आले असते, त्यांच्यात जागा होती. बॅटरीतली तीच साठ टक्के वीज साडेआठनंतर वापरली असती तर एकही फीडर बंद करावा लागला नसता. साहित्य पुरेसे होते, ते चुकीच्या तासाला खर्च झाले. पण "चुकीचा तास" ही नोंद करायला अहवालाच्या नमुन्यात रकानाच नव्हता.

ही सवय आली कुठून, हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण ती एके काळी अगदी योग्य होती. अमेरिकेत व्हर्जिनियातले बाथ काउंटीचे उदंचन केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले, क्षमता सुमारे ३,००० मेगावॅट. त्या पिढीच्या केंद्रांची कल्पना सोपी होती. अणुऊर्जेचे आणि कोळशाचे मोठे संच रात्री बंद करणे परवडत नाही, म्हणून त्यांची रात्रीची वीज पाण्याच्या रूपात वर चढवून ठेवायची. रात्र स्वस्त, संध्याकाळ महाग, आणि हे चित्र वर्षभर फारसे हलत नसे. ठरलेले तास त्या जगात चालून जात.

सौर ऊर्जेने ते चित्र उलटे केले. जपानमधल्या क्युशू बेटावर सौर प्रकल्प इतके वाढले की ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना उत्पादन कमी करण्याचे आदेश द्यावे लागले, आणि जे उदंचन पंप पूर्वी रात्री चालत ते भर दुपारी चालू लागले. कॅलिफोर्नियाच्या ग्रीड चालकांनी २०१३ मध्ये बदकाच्या आकाराचा तो प्रसिद्ध आलेख मांडला. दुपारी निव्वळ मागणी (एकूण मागणीतून सौर आणि पवन वीज वजा करून उरते ती) खोल जाते आणि सूर्य मावळताना मानेसारखी सरळ वर चढते. बदकाची पाठ आणि मान आज आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. खरी अडचण अशी की ती मान रोज वेगळ्या वेळी आणि वेगळ्या उंचीची येते, आणि आपण मात्र तिच्यासाठी ठरावीक चार तासांचा कप्पा करून ठेवला आहे.

ग्रहणाचे उदाहरण मला इथे नेहमी आठवते. २० मार्च २०१५ रोजी युरोपवर सूर्यग्रहण होते. सौर उत्पादन किती वाजता किती घसरेल हे आधीच माहीत होते. ग्रीड चालकांनी कितीतरी महिने तयारी केली आणि तो दिवस सुरळीत गेला. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत सांगता येते, ढगाची येत नाही. म्हणून ग्रहणाच्या तयारीचा खाक्या ढगाला लावता येत नाही. ढगासाठी "काय होईल" याऐवजी "काय काय होऊ शकते" हे लिहावे लागते, प्रत्येकाची शक्यता किती तेही लिहावे लागते.

आता मोलाबद्दल. ही कल्पना मी शोधलेली नाही, ती जलविद्युतवाल्यांची आहे आणि माझ्या वयापेक्षा जुनी आहे. फ्रान्समध्ये पिएर मासे यांनी १९४० च्या दशकात जलाशयातल्या पाण्याचा असाच विचार केला. पाणी फुकट येते, म्हणून ते वापरण्याचा खर्च शून्य असे म्हणता येत नाही. आज सोडलेले पाणी उद्या सोडता येणार नाही, आणि उद्या ते जेवढे महागडे इंधन वाचवणार होते तेवढा त्याचा आजचा खर्च. नॉर्वेचे जलाशय चालवणारे आजही "पाण्याचे मोल" याच भाषेत बोलतात. बॅटरीतल्या विजेला हेच सूत्र जसेच्या तसे लागू होते. फरक इतकाच की जलाशयाचा हिशेब आठवड्यांचा आणि ऋतूंचा असतो, बॅटरीचा तासांचा.

एक छोटे गणित मांडतो. समजा तुमच्याकडे ४०० मेगावॅट-तास साठा आहे. संध्याकाळी दहापैकी सात वेळा २०० मेगावॅट-तास लागतील आणि तीन वेळा, वारा पडला तर, ४०० लागतील. सरासरी काढली तर २६०. एका आकड्यावर चालणारे वेळापत्रक म्हणेल, २६० राखा आणि उरलेले १४० दुपारी विकून टाका. आता मोल पाहू. दुपारी विकलेल्या युनिटाचे मोल १ धरा. टंचाईत तेच युनिट कोणाचा तरी पुरवठा खंडित होण्यापासून वाचवते, त्याचे मोल ३० धरा. तीस टक्के शक्यता गुणिले ३० म्हणजे ९. आणि वारा आला तरी ते युनिट वाया जात नाही, उद्या सकाळसाठी शिल्लक राहते, समजा पुन्हा १ मोलाने. म्हणजे राखलेल्या युनिटाचे मोल ९ आणि वर ०.७, आणि दुपारी विकण्याचे मोल १. सरासरीवर चालणाऱ्या माणसाने जवळजवळ दहा मोलाची वस्तू एकाला देऊन टाकली. त्याचा अंदाज चुकला नव्हता, हे लक्षात घ्या. २६० ही सरासरी बरोबरच आहे. फक्त २६० मेगावॅट-तास लागणारी संध्याकाळ कधी येतच नाही, एक तर २०० ची येते नाही तर ४०० ची.

हे मोल काढण्याची रीत रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात घालून दिली. शेवटच्या तासापासून सुरुवात करून एकेक तास मागे यायचे. रात्री १२ वाजता बॅटरीत अमुक चार्ज असेल तर त्याचे मोल किती, मग ११ वाजता किती, मग १०. असे करत दुपारपर्यंत आलात की प्रत्येक वेळेसाठी आणि चार्जच्या प्रत्येक पातळीसाठी एक आकडा तुमच्या हातात असतो. एका बॅटरीसाठी हे काम साध्या संगणकावर होते. साठवणी अनेक झाल्या की शक्यतांची संख्या हाताबाहेर जाते. ही अडचण ब्राझीलच्या जलाशयांच्या साखळीसाठी मारिओ परेरा आणि लिओंतिना पिंटो यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीने बरीच सोडवली, मोलाचा संपूर्ण तक्ता न काढता त्याला सरळ रेषांच्या तुकड्यांनी जवळ जात जात. म्हणजे गणित तीस वर्षांहून अधिक काळ तयार आहे. आपण ते बॅटरीपर्यंत नेलेले नाही, आणि नेले असेल तर नियोजन विभागाच्या अहवालात ठेवले आहे. पाळीच्या टेबलापर्यंत ते पोचलेले नाही.

पाळीच्या टेबलावर ते का हवे? कारण वेळापत्रक आदल्या दिवशीचे असते आणि ढग आजचे असतात. संध्याकाळी साडेसहाला चार्ज ६० टक्के आहे, वाऱ्याचा अंदाज घसरतो आहे, गॅसचा पुढचा संच महाग आहे. अशा वेळी पाळीप्रमुखाला "६ ते १०" या शब्दांनी काहीच मदत होत नाही. त्याच्या पडद्यावर "आत्ता साठवणीतल्या शेवटच्या युनिटाचे मोल इतके, आणि पुढच्या संचाचा दर इतका" असे दोन आकडे शेजारी शेजारी असले तर कोणता संच आधी ओढायचा हे तो पाच सेकंदांत ठरवील. त्या संध्याकाळी माझ्याकडे हे दोन आकडे असते, तर मी कागद बाजूला ठेवून बॅटरी थांबवण्याची परवानगी मागितली असती. माझ्याकडे शंका होती, आकडा नव्हता, आणि नियंत्रण कक्षात शंकेवर परवानगी मिळत नाही.

यातलाच एक दोष इतका सर्रास आहे की त्याला मी मध्यरात्रीचा आंधळेपणा म्हणतो. आपली बहुतेक वेळापत्रके मध्यरात्र ते मध्यरात्र अशी चोवीस तासांची असतात. संगणकाला चोवीसाव्या तासापुढचे काही दिसत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी रात्री १२ वाजता बॅटरीत उरलेल्या विजेचे मोल शून्य. मग तो इमाने इतबारे रात्री ११ ते १२ मध्ये उरलेसुरले सगळे विकून टाकतो, मिळेल त्या दराला. सकाळी सहाला मागणी चढते, सूर्य अजून क्षितिजाखाली, बॅटरी कोरडी. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून "दिवसाअखेर चार्ज दिवसाच्या सुरुवातीइतकाच हवा" अशी अट घालतात. ती अट रिकामी बॅटरी टाळते, पण शनिवारची रात्र आणि सोमवारची पहाट तिला सारखीच वाटते. माझे मत असे की वेळापत्रक निदान ३६ ते ४८ तासांचे चालवावे, त्यातले पहिले चोवीस तास जाहीर करावेत, आणि शेवटच्या तासाला वर सांगितलेला मोलाचा तक्ता जोडावा. चार्जचा कोणताही ठरीव आकडा तिथे घालू नये.

जितके मोल साठ्याला, तितकेच रिकाम्या जागेलाही आहे, आणि हा मुद्दा वेळापत्रकांत सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. सौर प्रकल्पाशेजारची बॅटरी सकाळी नऊला पूर्ण वेगाने भरायला लागली तर अकरापर्यंत भरून जाते. मग बारा ते दोन या वेळात, जेव्हा लाईन तुडुंब भरलेली असते आणि सौर उत्पादन कापावे लागते, तेव्हा तिच्यात जागाच नसते. नऊची वीज तशीही ग्रीडमध्ये गेली असती. बाराची वीज कापली गेली. दिवसाच्या हिशेबात बॅटरी "शंभर टक्के वापरली" असे दिसते आणि कापणीचा आकडा वेगळ्या अहवालात जातो, त्यामुळे दोन्ही एकत्र कोणी पाहत नाही. चार्जिंगचा वेग आणि वेळ लाईनच्या गर्दीला बांधा. त्यासाठी बॅटरी ग्रीडमध्ये नेमकी कुठे आहे हे वेळापत्रकात असायला हवे. लाईनच्या अलीकडची आणि पलीकडची बॅटरी एकाच बेरजेत धरणारी वेळापत्रके मी पाहिली आहेत. त्यांचा उपयोग होत नाही.

आता एकच वीज दोनदा विकण्याबद्दल. बॅटरीवर आपण दोन जबाबदाऱ्या टाकतो. एक, संध्याकाळी तासन्‌तास वीज देणे. दोन, एखादा मोठा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर काही सेकंदांत फ्रिक्वेन्सी (मागणी-पुरवठ्याचा तोल बिघडला की ढळणारी ग्रीडची लय) सावरणे. दुसऱ्या कामासाठी मेगावॅट राखून ठेवले की काम झाले असे समजले जाते. पण मेगावॅट हा वेग आहे, साठा मेगावॅट-तासांत मोजतात. बॅटरी तळाला असेल तर राखलेले मेगावॅट नावापुरतेच राहतात. आणि फ्रिक्वेन्सी वर गेली तर वीज शोषून घ्यायची जबाबदारीही तिच्यावर असते, तेव्हा भरलेली बॅटरी तितकीच निरुपयोगी.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने ही गोष्ट सुरुवातीलाच नीट केली. २८ सप्टेंबर २०१६ च्या वादळात ते सबंध राज्य अंधारात गेले होते. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी सुरू झाली, त्या वेळची जगातली सर्वांत मोठी. बातम्यांत १०० चा आकडा गाजला. मला महत्त्वाची वाटते ती तिची वाटणी. ७० मेगावॅट, दहा मिनिटे पुरतील एवढी ऊर्जा, ग्रीडच्या सुरक्षेसाठी. ३० मेगावॅट, तीन तास पुरतील एवढी ऊर्जा, रोजच्या खरेदी-विक्रीसाठी. दोन्हींची बेरीज १२९ च्या आत बसते. म्हणजे वेगाची वाटणी केली तशी साठ्याचीही केली, आणि करारातच केली. २५ ऑगस्ट २०१८ ला वीज कोसळून क्वीन्सलँडकडची आंतरराज्य जोडणी तुटली तेव्हा ही बॅटरी फ्रिक्वेन्सी सावरायला हजर होती.

याउलट जिथे साठा दिसतच नाही तिथे काय होते, ते ब्रिटनमध्ये दिसले. ९ ऑगस्ट २०१९ रोजी विजेच्या कडकडाटानंतर एकापाठोपाठ एक उत्पादन बंद पडले, राखीव क्षमता सर्वांत मोठ्या एका संचाच्या हिशेबाने ठेवलेली होती, फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांचा पुरवठा गेला. त्यानंतर तिथे बॅटऱ्या झपाट्याने वाढल्या. पण नियंत्रण कक्षाला त्यांच्यात किती ऊर्जा शिल्लक आहे हे दिसत नसल्यामुळे एका वेळी पंधरा मिनिटांपुरतेच आदेश दिले जात. त्यात आदेश एकेक करून पाठवायचे, म्हणजे घाईच्या वेळी दहा छोट्या बॅटऱ्यांऐवजी एका मोठ्या संचाला फोन करणे सोपे. स्वस्त बॅटऱ्या वगळल्या जात आणि महागडा गॅस चालत राही. डिसेंबर २०२३ मध्ये एकगठ्ठा आदेश पाठवणारी नवी प्रणाली आली, २०२४ मध्ये पंधरा मिनिटांची मर्यादा तीस झाली. पाळीवरच्या त्या सहकाऱ्यांना मी दोष देणार नाही. मीही तेच केले असते. जे दिसत नाही त्यावर कोणी ग्रीड टांगत नाही.

कॅलिफोर्नियाची गोष्टही इथलीच. १४ आणि १५ ऑगस्ट २०२० ला उष्णतेच्या लाटेत तिथे आळीपाळीने भारनियमन करावे लागले, तेही संध्याकाळी, सूर्य उतरल्यावर मागणी अजून वर असताना. पुढच्या वर्षी त्यांनी साठवणीसाठी किमान चार्जची तात्पुरती अट आणली, टंचाईच्या दिवशी दुपारीच बॅटरी रिकामी होऊ नये म्हणून. एप्रिल २०२४ पर्यंत तिथल्या बॅटऱ्या १०,००० मेगावॅटच्या पुढे गेल्या आणि एका संध्याकाळी काही काळ तिथल्या ग्रीडचा सर्वांत मोठा स्रोत ठरल्या. किमान चार्जची अट मला कुबडी वाटते. आजारातून उठताना ती लागतेच, पण बॅटरीला खरे मोल लावले की मालक स्वतःहूनच दुपारी ती धरून ठेवतो.

आणि इथे मला नियामकांशी थेट बोलायचे आहे. बॅटरीच्या मालकाने जास्त दराची बोली लावली की आपण विचारता, "तुमचे इंधन कोणते? दुपारी तर फुकटात भरली." हा प्रश्न कोळशाच्या काळातला आहे. बॅटरीचा खर्च म्हणजे गमावलेली पुढची संधी, आणि तो दर तासाला बदलतो. बोलीवर खर्चाची मर्यादा घालताना हा खर्च धरला नाही तर बॅटरी लवकर आणि स्वस्तात विकली जाणारच, आणि आठ वाजता आपण विचाराल की साठवण कुठे गेली. मक्तेदारीची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यासाठीच म्हणतो की मोल काढण्याचे सूत्र आपण जाहीर करा आणि बोली त्याच्याशी ताडून पाहा.

हिशेबाचा कालावधीही आपल्याच हातात आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी आदेश दर पाच मिनिटांनी जात, पण दर ठरे तीस मिनिटांच्या सरासरीने. पाच मिनिटांत धावून येणाऱ्याला आणि उशिरा पोचणाऱ्याला एकच भाव मिळे. १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे हिशेबही पाच मिनिटांचा झाला. वेगाचे मोल द्यायचे असेल तर मोजमापही तितके बारीक हवे.

यंत्राच्या स्वभावाबद्दल थोडे, कारण वेळापत्रक करणाऱ्यांना तो पुष्कळदा ठाऊक नसतो. लिथियम बॅटरीत घातलेल्या १०० युनिटांतून सुमारे ८५ ते ९० परत मिळतात, उदंचनात ७० ते ८०. म्हणजे ७५ टक्के कार्यक्षमतेच्या उदंचन केंद्राला विक्रीचा दर खरेदीच्या सव्वापटीहून अधिक, जवळजवळ १.३३ पट मिळाला तरच बरोबरी होते. जुन्या ठरीव वेगाच्या पंपांना अर्ध्या क्षमतेने पाणी चढवता येत नाही, चालू किंवा बंद एवढेच. त्यामुळे दुपारी ढगांप्रमाणे बदलणारी सौर वीज पंपाने थेट गिळावी ही अपेक्षा चुकीची. ते काम बॅटरीचे, पंपाने खालचा स्थिर भाग घ्यावा.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज चार्जच्या मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, म्हणून तिच्यात नेमके किती टक्के आहेत हे मोजणे अवघड जाते. मधूनमधून ती पूर्ण भरून मोजमाप पुन्हा जुळवावे लागते. वेळापत्रकात त्यासाठी जागाच नसेल तर पडद्यावरचा टक्का हळूहळू खोटा होत जातो. आणि तो खोटा आहे हे नेमके टंचाईच्या संध्याकाळी कळते. दर खेपेची झीज हाही खर्चच आहे, मोलाच्या तक्त्यात तो धरायला हवा. तसेच बॅटरी काठोकाठ भरून जास्त तापमानात दिवसेंदिवस तशीच ठेवणे तिला चांगले नसते, त्यामुळे "राखून ठेवा" याचाही अतिरेक करता येत नाही.

एक दोष संगणकाच्या मॉडेलमधला. गणित सोपे राहावे म्हणून चार्ज आणि डिस्चार्ज एकाच वेळी होऊ नयेत ही अट काही जण गाळतात. दर धन असतील तोवर चालते, कारण असे करण्यात तोटाच असतो. दर ऋण झाले की मॉडेल एकाच क्षणी बॅटरी भरते आणि रिकामीही करते, कारण वाया घालवलेल्या विजेचेही पैसे मिळतात. प्रत्यक्षात यंत्र असे करूच शकत नाही. जर्मनीत २०२४ मध्ये ४५७ तास घाऊक दर ऋण होते, म्हणून ही कोपऱ्यातली गोष्ट राहिलेली नाही. ती अट घाला. संगणकाला थोडा जास्त वेळ लागेल, लागू द्या.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ च्या दुपारी ग्रीड कोसळले तेव्हा व्होल्टेज वाढत जाऊन एकामागून एक उत्पादन तुटत गेले. तो सगळा विषय या पत्रात मावणार नाही. इतकेच नोंदवतो की बॅटरीचे इन्व्हर्टर (तिची वीज ग्रीडच्या विजेत बदलणारी उपकरणे) व्होल्टेज सावरण्यातही मदत करू शकतात आणि त्या कामाला साठा फारसा लागत नाही, म्हणून चार्ज संपलेली बॅटरी वेळापत्रकातून "अनुपलब्ध" म्हणून पुसून टाकू नका.

माझ्या पिढीतले काही सहकारी म्हणतात की पाळीप्रमुखाच्या अनुभवाची जागा तक्ता घेऊ शकत नाही. त्यांचा मी आदर करतो, त्यांच्याकडूनच शिकलो. पण आमचा अनुभव ज्या ग्रीडवर घडला ते ग्रीड आता उरलेले नाही. आम्हाला मागणीचा स्वभाव कळत होता. आता पुरवठ्यालाही स्वभाव आहे. नव्या पाळीप्रमुखाकडे वीस वर्षे नाहीत आणि वीस वर्षांनी ग्रीड पुन्हा वेगळे असेल. तक्ता त्याला निर्णयाचा आधार देतो, आणि तक्त्याविरुद्ध निर्णय घेतला तर का घेतला हे लिहायची जागाही देतो. त्या नोंदींतूनच पुढचा तक्ता सुधारेल.

म्हणून आपणांकडे मागणे असे. प्रत्येक साठवणीची क्षमता मेगावॅट आणि मेगावॅट-तास अशी दोन्ही लिहा आणि चार्जची पातळी नियंत्रण कक्षात थेट दिसू द्या. वाऱ्याचा आणि उन्हाचा अंदाज शक्यतांसह मागवा. अंदाज देणाऱ्या संस्था तो तसा देतात, आपणच त्याची सरासरी काढून बाकीचे फेकून देतो. पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता एका साठवणीवर मोलाचा तक्ता तीन महिने चालवा, जुन्या वेळापत्रकाच्या शेजारी, फक्त पाहण्यासाठी. रोज संध्याकाळी दोन्ही काय सांगत होते आणि प्रत्यक्ष काय झाले हे नोंदवा, आणि ती नोंद सर्वांसाठी खुली करा, ज्या फीडरवर अंधार झाला त्यांच्या ग्राहकांसाठीही. अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवा: साठा कोणत्या तासाला संपला, आणि तो कोणत्या तासाला हवा होता.

या कामात माझा वेळ लागला तर मी द्यायला तयार आहे.

आपला,
नियंत्रण कक्षातून निवृत्त झालेला एक पाळीप्रमुख